न पुसलेला चेहरा

शिवकन्येला मी पहिल्यांदा पाहिलं ते आठवीच्या वर्गात, दुसऱ्या बाकावर. मी तेव्हा हसनाबादच्या शाळेत चित्रकला शिकवायचो. स्थिरचित्रासाठी मी घरून एक पितळी तांब्या नेला होता. त्याला एका बाजूनं पोचा आलेला होता. वर्गातल्या चाळीस पोरांनी गोल गरगरीत तांब्या काढला. या पोरीनं पोचा काढला, आणि त्या पोच्यात वाकडी होऊन दिसणारी खिडकीही काढली. मी तिला म्हटलं, वस्तूचा वाईट भाग कशाला दाखवायचा, चित्रात ती सुंदर दिसली पाहिजे. ती उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सर, मंग तो तुमचा तांब्या ऱ्हाणार न्हाई."

मी तिला दहापैकी सहा मार्क दिले. आज गावात लोक म्हणतात की शिवकन्येला सरांनी घडवलं. म्हणून हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

तिच्या मनात चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. पण ती बारावीला असताना तिची आई वारली आणि घरचा सगळा स्वयंपाक तिच्या अंगावर आला. वडील तातेराव यांची पिठाची गिरणी. त्यांनी तिला जाऊ नको असं कधी म्हटलं नाही, पण ती भाकरी करत असताना तिच्याकडे असं बघत राहायचे की ती स्वतःच थांबली. मग तिनं भोकरदनला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि बसस्टँडजवळच्या एका फोटो स्टुडिओत कामाला लागली. स्टुडिओ कल्याण नावाच्या माणसाचा. माणूस वाईट नव्हता. संध्याकाळची जीप चुकली तर बायकोला सोबत घेऊन तो स्वतः गाडीवरून तिला गावात सोडायला यायचा.

स्टुडिओतल्या कामाला एकच शब्द होता, 'साफ करणे'. फोटो कॉम्प्युटरवर आला की चेहरा साफ करायचा. मुरूम, तीळ, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, लहानपणी पडून झालेली खोक, सगळं पुसायचं. सावळी पोरगी दोन छटा उजळ करायची. लग्नसराईत दिवसाला शंभर-दीडशे चेहरे तिच्या हाताखालून जायचे. हात इतका बसला की एका चेहऱ्याला दहा मिनिटंसुद्धा लागायची नाहीत.

घरी आली की भाकरी करून ती पेन्सिली काढायची. मोबाईलवर कुणाकुणाची कामं बघून बघून शिकली होती. फोटोसारखं हुबेहूब पेन्सिलीनं कसं काढायचं, कडक पेन्सिल कुठं आणि मऊ कुठं, कागदाची घट्ट सुरळी करून सावली कशी पसरवायची, मळून मऊ केलेल्या खोडरबरानं उजेड कसा उचलून घ्यायचा. एकदा मला रस्त्यात भेटली तेव्हा हसत म्हणाली, "सर, दिवसभर पुसते आन् घरी आल्यावर काढते."

पहिलं मोठं चित्र तिनं वडिलांचं काढलं. तातेराव गिरणीतून आले की भुवयांवर आणि पापण्यांवर पीठ बसलेलं असायचं. तिनं ते पिठासकट काढलं, तीन आठवडे बसून. तातेरावांनी चित्र बघितलं आणि म्हणाले, आधी सांगितलं असतं तर तोंड धुऊन बसलो असतो की.

तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये साहेबराव नावाचे गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन स्टुडिओत आले. मुलीचं नाव प्रीती. वय सव्वीस. भोकरदनच्याच एका खासगी लॅबमध्ये ती रक्त-लघवी तपासायचं काम करायची. तिला लग्नाच्या बायोडाटासाठी फोटो हवा होता. तिनं तोंडावरचा स्कार्फ सोडला तेव्हा शिवकन्येला दिसलं की तिला कोड आहे. डाव्या डोळ्याभोवती, ओठाच्या कोपऱ्यात, हनुवटीवर आणि तिथून गळ्यापर्यंत पांढरे डाग होते. डाव्या डोळ्याच्या पापण्याही अर्ध्या पांढऱ्या झालेल्या.

प्रीती कल्याणला म्हणाली की आहे तसा काढा. साहेबरावांनी मात्र मुलीची पाठ वळल्यावर हळूच सांगितलं की जरा हलकं करता आलं तर बघा. कल्याणनं मान डोलावली आणि आत येऊन शिवकन्येला सांगितलं, पूर्ण साफ कर. तिनं केलं. अकरा मिनिटं लागली. प्रिंट हातात आल्यावर प्रीतीनं ती बघितली, पाकिटात घातली आणि स्कार्फ बांधला.

महिन्याभरानं साहेबराव एकटेच आले. दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी तो फोटो काउंटरवर ठेवला आणि विचारलं की साफ करायच्या आधीचा मिळेल का. कल्याणनं शोधल्यासारखं केलं आणि सांगितलं, तो आता राहत नाही, जागा भरते म्हणून डिलीट करावा लागतो. साहेबरावांनी फोटो परत खिशात घातला. मग त्यांनी सांगितलं ते असं, की सिल्लोडकडचे पाहुणे पोरगी बघायला आले होते. प्रीती पोहे घेऊन बाहेर आली तेव्हा मुलाच्या चुलत्यानं खिशातून फोटो काढला, एकदा फोटोकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला की तुम्ही आम्हाला फसवलं. पोह्यांच्या ताटल्या तशाच राहिल्या. माणसं उठून गेली.

शिवकन्या कॉम्प्युटरमागून उठून बाहेर आली आणि म्हणाली, काका, ते मी केलेलं आहे. साहेबराव म्हणाले, "तुमचं काय न्हाई बाई. मीच म्हणलं व्हतं." आणि ते निघून गेले. ते भांडले असते तर बरं झालं असतं, असं तिनं मला नंतर सांगितलं.

चार दिवस ती नीट जेवली नाही. पाचव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती प्रीतीच्या लॅबमध्ये गेली. सरळ काही बोलता येईना, म्हणून तिनं काउंटरवर सांगितलं की हिमोग्लोबिन तपासायचं आहे. प्रीतीनं तिच्या दंडाला रबर बांधलं, शीर शोधली, सुई कधी आत गेली ते कळलंसुद्धा नाही. कापूस दाबून धरत ती म्हणाली, "तुम्ही स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसता ना?"

शिवकन्या हो म्हणाली. आणि मग जे मनात चार दिवस घोळत होतं ते एका दमात बोलून गेली. ते डाग मी पुसले. मला तुमचं चित्र काढू द्या, पेन्सिलीनं, जसं आहे तसं.

प्रीती हसली. म्हणाली की मला बघून बघून लोकांचं बघायचं काही उरलंय का, म्हणून तुम्ही अजून बघणार. रिपोर्ट संध्याकाळी मिळेल. शिवकन्या परत आली. हिमोग्लोबिन नऊ निघालं, एवढंच त्या भेटीतून हाती लागलं.

दहा-बारा दिवसांनी एका रविवारी प्रीती स्वतःच हसनाबादला आली. पत्ता विचारत विचारत गिरणीपाशी पोचली. तातेरावांनी तिला आत बसवलं, पाणी दिलं. शिवकन्या कणीक मळत होती, तशीच हात धुऊन आली. प्रीतीनं येण्याचं कारण सांगितलं. "तो साफ केलेला फोटो हाय ना, तो आईनं टीव्हीच्या शोकेसमध्ये लावलाय. आईला ती पोरगी लई आवडती. मी रोज तिच्यासमोर बसून जेवते, ताई."

अशी सुरुवात झाली.

पहिल्याच दिवशी एक अडचण आली. शिवकन्येनं मोबाईलवर तिचा फोटो घेतला, म्हणजे मधल्या दिवसांत त्यावरून काम करता येईल. मोठा करून पाहते तर गाल गुळगुळीत. फोनसुद्धा कुणी न सांगता आपणहून चेहरा साफ करून देत होता. म्हणून ठरलं की दर रविवारी प्रीतीनं यायचं आणि खिडकीपाशी बसायचं. सकाळी दहाच्या जीपनं ती यायची, तीनपर्यंत बसायची. मधे दोघी जेवायच्या. प्रीती येताना कधी शेंगदाण्याची चटणी आणायची, कधी आंबट बोरं.

तीन रविवार गेले. डोळे झाले, नाक झालं, उजवा गाल झाला. डागांची जागा शिवकन्येनं कोरी ठेवली होती. तिचा हिशोब साधा होता. पांढरं दाखवायचं तर तिथं पेन्सिल लावायचीच नाही, आजूबाजूचं काढलं की डाग आपोआप उमटेल. तसं तिनं केलं. पण लांबून बघितलं की कागद तिथं फाटल्यासारखा दिसायचा. चेहऱ्यात भोकं पडल्यासारखी. तिनं कडा मऊ केल्या, तरी तेच. चौथ्या रविवारी तिनं चित्र प्रीतीसमोर धरलं आणि कबूल केलं की काहीतरी चुकतंय, काय ते कळत नाही.

प्रीतीनं बराच वेळ बघितलं. मग तिनं शिवकन्येचा हात धरला आणि आपल्या हनुवटीवरच्या डागावर ठेवला.

"इथंपण कातडीच हाय, ताई. हात लावून बघा."

शिवकन्येनं बोटं फिरवली. त्या दिवशीचं तिनं मला नंतर सांगितलं. म्हणाली, इतके दिवस मी तिच्याकडे बघत होते, पण डाग आला की माझी नजर त्यावरून उडी मारून पुढं जायची. आता बोटांना कळलं. तिथं बारीक लव होती. छिद्रं होती. हनुवटीखाली जिथं चेहरा वळतो तिथं डागावरही सावली पडत होती, आणि ओठाच्या कोपऱ्यात हसण्याची एक घडी डागातून निघून सावळ्या कातडीत जात होती, अजिबात न तुटता.

तिनं चार रविवारांचा कागद बाजूला ठेवला आणि नवा घेतला.

दुसऱ्या वेळी तिनं डागांपासूनच सुरुवात केली. सगळ्यात कडक पेन्सिलीला सुईसारखं टोक करून, श्वास धरून, एकेक छिद्र. दिवसाला रुपयाएवढी जागा व्हायची. डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या पापण्यांनी तिला फार रडवलं. काळा केस काढता येतो, पांढरा केस पेन्सिलीनं कसा काढणार? शेवटी तिनं संपलेल्या बॉलपेनची रिफिल घेतली आणि कोऱ्या कागदावर आधी दाबून खाचा पाडल्या, पापण्यांच्या वळणानं. मग वरून पेन्सिल फिरवली. शिसं खाचेत उतरलं नाही, आणि एकेक पांढरी पापणी कागदातून वर आली. प्रीती तेव्हा समोर बसलेली होती. शिवकन्येनं तिला बोलावून दाखवलं. ती स्वतःच्या पापणीला बोट लावत राहिली.

चित्र पूर्ण व्हायला अकरा रविवार आणि मधल्या कितीतरी संध्याकाळी लागल्या. पूर्ण झाल्यावर तिनं मला बोलावलं. खरं सांगतो, दारातून मला तो फोटोच वाटला. जवळ गेलो, चष्मा काढून नाक कागदाला लावलं, तेव्हा वरच्या ओठावरची लव दिसली आणि माझ्या लक्षात आलं की ही लव कुणीतरी बसून एकेक करून काढली आहे. पस्तीस वर्षं पोरांना छाया-प्रकाश शिकवला मी. असं मला येत नाही, आणि आता येणारही नाही.

चित्र घरी न्यायचं ठरलं तेव्हा प्रीतीला आईची धास्ती होती. तिची आई गिरिजाबाई सोशिक पण हट्टी बाई. शिवकन्या सोबत गेली. साहेबरावांनी कागद उलगडला, बघितला आणि ते उठून मागच्या दारी गेले. गिरिजाबाईंनी आधी तोंड फिरवलं. म्हणाल्या की इतकं बारीक कशाला काढायचं, लोकांना दिसतंय तेवढं पुरे झालं नाही का. शिवकन्येला वाटलं, आता चित्र गुंडाळून परत न्यावं.

पण मग गिरिजाबाई स्वतःच जवळ आल्या. पदराला हात पुसले. आणि कागदाला न टेकवता वरच्या वर बोट फिरवत बोलायला लागल्या. हा डोळ्याजवळचा सातवीत आल्ता, आधी ज्वारीच्या दाण्याएवढाच व्हता. हा ओठाचा दहावीच्या सुट्टीत. हा हनुवटीचा, तुझे बाबा दवाखान्यात व्हते ना, तेव्हा, माझं लक्षच न्हाई राह्यलं. एकेका डागाचं वर्ष त्यांना पाठ होतं. प्रीती ऐकत होती. आईनं हे सगळं मोजून ठेवलंय हे तिला ठाऊकच नव्हतं. तिला वाटायचं की आई बघतच नाही.

शेवटी गिरिजाबाई म्हणाल्या, "मी तो फोटो लावला ना, तर तुला कुणाचं बोलणं लागू नये म्हणून लावला व्हता."

प्रीती म्हणाली, "माहीत हाय, आई." ते तिला तोवर माहीत नव्हतं, पण तिनं तसं म्हटलं.

पुढं बायोडाटा नव्यानं करायची वेळ आली तेव्हा प्रीतीनं ठरवलं की त्यावर फोटोच्या जागी हेच चित्र टाकायचं. चित्र घेऊन दोघी कल्याणकडे स्कॅन करायला गेल्या. कल्याणनं ते बराच वेळ बघितलं. मोबाईलमधल्या ॲपनं दहा सेकंदांत फोटोचं पेन्सिलचित्र होतं, हे तो गिऱ्हाइकांना नेहमी करून दाखवायचा. तो विषय त्या दिवशी त्यानं काढला नाही. चित्र मशीनवर ठेवून बटण दाबलं आणि सवयीनं विचारलं, "साफ करायचं का?" आणि स्वतःच कपाळाला हात लावून हसला. प्रीतीही हसली. स्टुडिओत ती हसल्याची ती पहिलीच वेळ.

लोक मला विचारतात, मग तिचं लग्न जमलं का. दोन ठिकाणांहून नकार आला. तिसऱ्यानं होकार दिला, पण उपचारानं हे जाईल ना, असं तीनदा विचारलं, तेव्हा प्रीतीनंच नाही म्हटलं. गेल्या वर्षी तीर्थपुरीचा भारत नावाचा शिक्षक घरच्यांसोबत आला. त्यानं आधी तिच्याशी लॅबमधल्या कामाबद्दलच तासभर गप्पा मारल्या. चार-पाच महिने दोघं फोनवर बोलत होते. या वैशाखात लग्न झालं. स्कार्फ ती आता उन्हापुरताच बांधते, कारण डागांना ऊन सोसत नाही.

शिवकन्येनं कल्याणला सांगून टाकलं होतं की ज्याचा चेहरा आहे त्यानं स्वतः म्हटल्याशिवाय मी काही पुसणार नाही. कल्याण आधी कुरकुरला. काही गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. वर्षभर त्यानं ते चालवून घेतलं, पण नंतर तिच्याकडे चित्रांची कामं इतकी यायला लागली की तिनंच स्टुडिओ सोडला. निरोपाला कल्याणनं तिला खाली-वर करता येणारी एक चांगली खुर्ची दिली. ती आता खिडकीपाशी आहे, समोर बसणाऱ्यासाठी.

कामं कुणाची येतात हे पाहण्यासारखं आहे. सुंदर पोरी फारशा येत नाहीत, त्यांना फोन पुरतो. लहानपणी दिव्यानं भाजलेला माणूस जाफराबादहून आला होता. जन्मतः फाटलेला ओठ शिवलेली एक बाई आली. एका डोळ्यानं अधू असलेले एक म्हातारे मास्तर आले आणि म्हणाले, शाळेतल्या सगळ्या फोटोंत मला एका बाजूनंच उभं केलंय, मला समोरून काढ. एका चेहऱ्याला तिला दीड-दोन महिने लागतात, ती आधीच सांगते. घाई असेल तो उठून जातो.

मी परवा गेलो तेव्हा खुर्चीत चाँदबी बसल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, कुंभार पिंपळगावच्या. इतक्या लांबून नात कशफ त्यांना घेऊन आली होती, आणि दोघी गावातच एका नातेवाइकाकडे आठवडाभरापासून राहत होत्या. चाँदबींना लहानपणी देवी आलेल्या, सगळा चेहरा व्रणांनी भरलेला. त्यांचे यजमान गयासोद्दीन दोन वर्षांपूर्वी वारले. ते नेहमी म्हणायचे की तुझ्या चेहऱ्यावर एकही जागा अशी नाही जी मला ठाऊक नाही. चाँदबींनी येतानाच सांगितलं होतं, आमच्यात घरात तसवीर टांगत नाहीत, मी पेटीत ठेवीन, कपड्यांच्या खाली. मग काढायची कशाला, असं कशफनं विचारलं तर म्हणाल्या, कुणीतरी एकदा सगळं बघून घेतलेलं असावं, बस.

खोलीत पेन्सिलीचा बारीक खसखस आवाज येत होता. मी दाराशी स्टुलावर बसलो. शिवकन्या उजव्या गालावरचे व्रण एकेक करून काढत होती, मान वाकडी, जिभेचं टोक दातांत. थोड्या वेळानं चाँदबींनी मान न हलवता विचारलं, "कित्ते हुए, बेटा?"

"चाळीस झाले, खाला."

चाँदबींनी मनाशी काहीतरी अंदाज केला. "अभी भोत हैं," त्या म्हणाल्या. "पहले चाय पी लेते."

शिवकन्येनं पेन्सिल खाली ठेवली, बोटं मोडली आणि चहा टाकायला उठली.